गाडीचा आकार बघून भाव, की अवस्था बघून? (डिटेलिंगवाले आणि गाडीवाले, दोघांसाठी)

फोम_आणि_फडका

मंडळी, नाशिकला आमचं डिटेलिंगचं, म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि पॉलिश करायचं, छोटं दुकान आहे. भिंतीवर दरपत्रक लावलंय: हॅचबॅक, सेडान, एसयूव्ही. सगळ्यांकडे असंच असतं. पण या दरपत्रकाचा आणि गाडीवर खरंच होणाऱ्या मेहनतीचा काही ताळमेळ लागत नाही, म्हणून हा धागा.

एकाच मॉडेलच्या, एकाच वर्षाच्या दोन हॅचबॅक घ्या. एक निवृत्त आजोबांची. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, गाडी फार तर भाजीबाजारापर्यंत जाते. दुसरी दोन लहान पोरांच्या घरातली. सीटच्या रुळात बिस्किटाचा चुरा, मागच्या पट्ट्याच्या बकलमध्ये वितळून घट्ट झालेलं चॉकलेट, कार्पेटवर कधीतरी सांडलेलं दूध. दरपत्रकावर दोन्हींचा आतल्या सफाईचा दर एकच, १,८०० रुपये.

आता हिशेब मांडतो. भाडं, पगार, लाइट, पाणी असं सगळं धरून आम्हाला एका कारागिराचा एक तास साधारण ३५० रुपयांना पडतो. आजोबांच्या गाडीला तीन तास, म्हणजे १,०५०. केमिकल आणि कापडं २५०. झाले १,३००. पाचशे सुटले, ठीक. पोरांच्या गाडीला सात तास: २,४५०. केमिकल ४००. झाले २,८५०. म्हणजे १,८०० घेतले तर हजाराहून जास्त आपल्याच खिशातून. तेच पाचशे सुटायचे असतील तर त्या गाडीचे ३,३५० व्हायला हवेत. गिऱ्हाईक म्हणतं, "शेजाऱ्यांची तर अठराशेत केलीत!"

त्यामुळे माझं मत असं की आकारावरून फक्त सुरुवातीचा आकडा सांगावा. पक्का भाव अवस्थेवरून. आकाराने फार तर पत्रा वाढतो. तास वाढतात ते केस, डाग, वास आणि ओरखड्यांनी.

आतून गाडी बघताना मी सीट आधी बघतच नाही, सीट सगळेच पुसून आणतात. मी ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे आणि मग पूर्ण पुढे घेतो आणि रूळ बघतो. मॅट उचलून कार्पेटवर तळहात दाबतो, ओल लागते का ते कळतं. दाराच्या उंबऱ्यावरचं रबर बोटाने उलटतो. हेडरेस्टचा मागचा भाग बघतो, खोबरेल तेलाचा काळा थर तिथे हमखास असतो. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात डोकावतो. शेवटी काचा बंद करून, एसी आतली हवा फिरवण्यावर ठेवून पाच मिनिटं बसतो. वासाचं खरं रूप तेव्हा कळतं. हे सगळं दहा मिनिटांत होतं.

बाहेरच्या रंगाबद्दल मात्र जाणकारांकडून ऐकायचंय. आणि दुसरा प्रश्न: फोनवर भाव विचारला तर तुम्ही काय सांगता?

---

चौथा_कोन

फोनवर "गाडी घेऊन या साहेब, बघून सांगतो". आणि गाडी आली की साहेबांचे कपडे बघून सांगतात. :)

---

पेंटरबाबा_कोल्हापूर

वरच्या भावाने टोमणा मारलाय पण खोटं काही नाही त्यात. तरी पण रंगाचं सांगतो, माझं आयुष्य रंगाच्या बूथमध्येच चाललंय.

धुतल्याबिगर भाव सांगायचा नाही, ही पहिली गोष्ट. धूळ ओरखडे झाकते. ओली गाडी तर अजून फसवते, पाणी ओरखड्यात भरलं की सगळी गाडी नवी दिसते. धुवायची, कोरडी करायची, मग बघायची. आणि ट्यूबलाइटखाली नाही, थेट उन्हात किंवा चांगल्या एलईडी टॉर्चने तिरकं बघायचं. काळ्या गाडीवर कोळ्याच्या जाळ्यागत गोल गोल रेघा दिसतात, त्याला स्वर्ल म्हणतात. चंदेरी गाडीवर तेवढ्याच असल्या तरी दिसत नाहीत. म्हणून काळ्या गाडीचा दर जास्त असतो, रंग उच्च कुळातला म्हणून नव्हे.

दुसरं, पॉलिशचा मुलामा. जुन्या गाड्यांच्या बाजारातून आलेली गाडी असेल तर तिच्यावर तेलकट, सिलिकॉनवालं पॉलिश फासलेलं असतं. दोन धुण्यांत उतरतं आणि खालची खरी कातडी दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळायचं, बॉनेटचा हातभर तुकडा पुसायचा आणि मग बघायचं. तिथं ओरखडे उघडे पडले तर समजायचं की सगळी गाडी तशीच आहे.

तिसरं, नख. ओरखड्यावरून आडवं नख फिरवा. नख अडकलं तर तो पॉलिशने जाणार नाही. कडा गोल होतील, जरा कमी दिसेल, बस. हे गिऱ्हाइकाला त्याचंच नख फिरवायला लावून दाखवा. मग तोंडाने सांगायची गरज राहत नाही.

चौथं म्हणजे मायक्रॉन मीटर, रंगाची जाडी मोजणारं. ज्याच्याकडे नाही त्याने कंपाउंडचं (रंग घासून पॉलिश करायचं) मशीन हातात धरू नये असं माझं स्पष्ट मत. कंपनीचा रंग साधारण ९० ते १४० मायक्रॉन भरतो, त्यात वरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, चाळीसच्या आसपास. वहीच्या कागदाएवढी जाडी सगळी, आणि त्यातला पाव-अर्धा भागच तुमच्या कामाचा. छतापासून मोजायला सुरुवात करा, छत सहसा कुणी रंगवलेलं नसतं. छत १०५, बॉनेट ९८, दरवाजे १०० असं आलं तर गाडी मूळ रंगात आहे. एखादा दरवाजा २४० दाखवतोय, म्हणजे वरून परत रंग मारलाय. फेंडर ६०० दाखवतोय, म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलीय, ठोकलेली आहे. आणि बॉनेट ७५ दाखवत असेल तर खरा धोका तिथं! आधी कुणीतरी घासून घासून क्लिअर खाल्लाय. तिथं जोरात कट मारलात तर रंग फाडाल आणि बॉनेट रंगवून द्यायची पाळी तुमच्यावर येईल.

एक ध्यानात ठेवा, मीटर सगळ्या थरांची एकत्र जाडी दाखवतं, क्लिअर एकट्याची नाही. आणि बंपर प्लास्टिकचा, त्यावर हे साधं मीटर चालतच नाही. तिथं डोळा आणि अनुभव.

---

गंगापूर_रोड

मी ग्राहक. सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण आमची बाजूही ऐका.

फोनवर सांगतात पॉलिशचे ४,०००. सुट्टी टाकून गाडी नेली. गाडी धुतली, मग टॉर्च मारून बॉनेट दाखवतात, "सर हे बघा किती स्वर्ल, हे डबल स्टेज, म्हणजे दोन टप्प्यांत पॉलिश लागणार, ९,०००." आता गाडी त्यांच्या ताब्यात, अर्धवट ओली, मी घरी परत जायला रिक्षा शोधतोय. नाही म्हणायची माझी ताकद किती? अवस्थेवरून भाव हे तत्त्व म्हणून मान्य. पण अवस्था ठरवणारा तोच आणि पैसे घेणाराही तोच असेल तर ग्राहकाने विश्वास कशावर ठेवायचा?

आणि टॉर्च मारली तर शोरूममधून काल आलेल्या गाडीवरही रेघा दिसतात हो.

---

फोम_आणि_फडका

@गंगापूर_रोड, तुमचा राग रास्त आहे. हे होतं. माझ्याकडे होऊ नये म्हणून जे करतो ते सांगतो.

फोनवर एक आकडा कधीच सांगत नाही, दोन सांगतो. "आतून सफाई १,८०० पासून ३,५०० पर्यंत." लगेच चार प्रश्न विचारतो: घरात कुत्रा-मांजर आहे का? लहान मुलं? गाडीत काही सांडलंय किंवा कुणाला उलटी झालीय का? गाडी उघड्यावर उभी असते की झाकलेली? या चार उत्तरांत निम्मा अंदाज येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवतो, पण आख्ख्या गाडीचे नाही. आख्ख्या गाडीच्या फोटोत प्रत्येक गाडी नवरीसारखी दिसते. मागतो ते मागच्या सीटखालचे, उंबऱ्याचे, डिकीचे आणि उन्हातल्या बॉनेटचे.

गाडी आली की धुऊन, बघून जॉब कार्डावर आकडा लिहितो, सही घेतो. तोवर काम सुरू करत नाही. नाही पटलं तर फक्त धुण्याचे पैसे द्या आणि गाडी न्या, हे आधीच फोनवर सांगितलेलं असतं. फोनवर सांगितलेल्या वरच्या आकड्याच्या पुढे मी जात नाही, अपवाद एकच: गिऱ्हाइकाने लपवलं असेल तर. "कुत्रा नाही" म्हणालात आणि डिकीत लॅब्राडोरचे केस निघाले तर मग बोलू.

टॉर्चबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. म्हणून मी टॉर्चच्या उजेडातल्या ओरखड्यांचे पैसे मागत नाही. गाडी उन्हात उभी करून चार पावलं लांबून जे दिसतं ते घालवायचं, असं आधी ठरवून घेतो. ज्याला टॉर्चखालीही आरसा हवा, त्याला तो मिळेल, पण त्याचा दर वेगळा. बऱ्याच लोकांना तो नको असतो, आणि रोजच्या वापरातल्या गाडीला तो देऊही नये असं मला वाटतं. दर वेळी थोडा क्लिअर जातोच.

---

स्वर्लपीडित

+१. स्वर्ल कुठून येतात त्यावरही लिहा कुणीतरी. आमच्या सोसायटीत सकाळी सहाला एक दादा एक बादली आणि एका फडक्यात पस्तीस गाड्या पुसतात. पहिल्या गाडीची धूळ पस्तिसाव्या गाडीला. महिना ५०० रुपये.

---

पेंटरबाबा_कोल्हापूर

@स्वर्लपीडित, तुम्हीच लिहिलंत की! कोरड्या फडक्याने धूळ पुसणं म्हणजे वॉटर पेपर (सँडपेपर) मारणंच. त्यामुळे "गाडी रोज पुसून ठेवतो हो" असं कुणी अभिमानाने सांगितलं की मी मनात डबल स्टेज धरतो.

---

तांबडी_माती

सावंतवाडीहून लिहितोय. घाटावरच्या लोकांना ज्या गाडीत काही दिसत नाही तीच आमच्याकडे सगळ्यात जास्त तास खाते.

आमची लाल माती. जांभ्याची धूळ पिठासारखी बारीक असते आणि तिच्यात लोह असतं. ती मॅटखालून कार्पेटच्या तळापर्यंत जाते, सीटबेल्टच्या विणीत बसते, दाराच्या बिजागरीत ग्रीसबरोबर कालवून राहते. पांढऱ्या गाडीच्या चाकांच्या कमानी आतून कायम गुलाबी. गोव्यातून, विशेषतः खाणींच्या पट्ट्यातून आलेल्या गाड्यांना तर हे ठरलेलंच.

अवस्था ओळखायची सोपी रीत: कार्पेटवर मूठ आपटायची आणि उन्हाच्या तिरिपेत बघायचं. धूळ उडाली तर माती अजून सुटी आहे, व्हॅक्यूम आणि ब्रशने निघेल, साधा दर. धूळ उडत नाही आणि कार्पेट मात्र विटकरी दिसतंय, म्हणजे कुणीतरी आधी पाणी मारून ती पक्की बसवलीय. ती पूर्ण जाणार नाही. "सत्तर टक्के जाईल, तीस राहील" असं तोंडावर सांगतो आणि लिहूनही देतो. नवीन पोरगा कामाला आला की पहिली ताकीद हीच, माती पूर्ण निघाल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.

दुसरं आमचं दुखणं बुरशी. जूनमध्ये बंद करून चाकरमानी मुंबईला गेले, गणपतीला आले की स्टिअरिंगला पांढरी लव. वरवर पुसलं की जाते आणि चार दिवसांत परत उगवते. इथे भाव ठरवताना बुरशी किती दिसते हे बघू नका, ओल कुठून येते ते बघा. मॅटखालचा फेल्ट पिळला की पाणी निघतं का? एसीची पाण्याची नळी तुंबून पाणी आत उतरतंय का? सनरूफ असेल तर त्याच्या नळ्या तुंबल्यात का? तसं असेल तर गाडी आधी मेकॅनिककडे. गळती न काढता तुम्ही पाच हजारांचं काम केलंत तर दिवाळीला तेच गिऱ्हाईक परत दारात, आणि चूक तुमचीच ठरते.

आणि मासळी. म्हावऱ्याच्या पिशवीतलं पाणी डिकीत सांडलं की त्याचा दर मी सांगतच नाही. आधी कार्पेट पूर्ण बाहेर निघतं का ते बघतो. निघत असेल तर काम घेतो. वरून शाम्पू मारून वास जात नाही, फक्त त्याला लिंबाचा वास जोडला जातो.

---

चौथा_कोन

लिंबाचा वास लावलेला बांगडा. जेवण झालं नव्हतं माझं. ;)

---

स्निग्धा_ठाणे

मी आणि माझी बहीण मिळून फक्त आतली सफाई करतो, लोकांच्या इमारतीत जाऊन. त्यामुळे "धुऊन मग सांगू" हा पर्याय आमच्याकडे नाही, दहा मिनिटांत आकडा सांगावा लागतो.

कुत्र्याचे केस: लांब केस परवडले. लॅब्राडोर, पग, बीगल यांचे आखूड ताठ केस सुईसारखे कापडात घुसतात, व्हॅक्यूमला दाद देत नाहीत. रबरी ब्रशने ओढून काढावे लागतात, एकेका सीटला अर्धा तास. म्हणून मी कुत्रा आहे का विचारून थांबत नाही, कोणता आहे तेही विचारते. लोकांना वाटतं ताई गप्पा मारतायत.

गुलाल: गणपती विसर्जन झालं की पुढचे पंधरा दिवस हेच. कोरडा असेल तर व्हॅक्यूम आणि हवेचा मारा, साध्या दरात थोडी भर. पण बहुतेकांनी घरी ओल्या फडक्याने पुसून गुलाबी नकाशा तयार केलेला असतो. त्यातला रंग पाण्याने पसरतो आणि फोममध्ये उतरतो. म्हणून कुणी फोन केला की आधी सांगते, "काही करू नका, आहे तसं राहू द्या." अशी गाडी स्वस्तात होते.

छताचं कापड हा फार लोक विसरतात असा भाग. सिगारेटचा पिवळेपणा, पोरांचे हात, पावसाळ्यातले ठिपके. ते कापड नुसतं चिकटवलेलं असतं. जास्त ओलं केलं की गोंद सुटतो आणि छत तंबूसारखं खाली लोंबतं. जुन्या गाडीत मी आधी कोपऱ्यात बोटाने हलकं दाबून बघते. भुसभुशीत लागलं की छत यादीतून वगळलं, तसं लिहून दिलं.

@फोम_आणि_फडका, आणखी एक विचारायचं होतं. नव्या गाडीच्या पूजेचं कुंकू बॉनेटवर महिनाभर ठेवतात, त्याचं काय करता? पांढऱ्या गाडीवर स्वस्तिक कायमचं उमटलेलं बघितलंय.

---

फोम_आणि_फडका

@स्निग्धा_ठाणे ताई, हो. कुंकवातला रंग आणि वर ऊन. ताजं असेल तर शाम्पूने जातं. महिन्याने हलक्या पॉलिशने बहुतेक जातं. कधी कधी मात्र रंग आत उतरलेला असतो आणि विशिष्ट उजेडात स्वस्तिक दिसत राहतं. त्यासाठी मी जास्त घासत नाही. एकदा विचारून टाकतो, "दिसलं तर चालेल ना?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही, देवाचंच चिन्ह.

लग्नाच्या गाडीवरची चिकटपट्टी हा याचाच भाऊ. पण तिथे चिन्ह म्हणून सोडून देता येत नाही.

---

पद्मिनीवाला_दादर

सगळे क्लिअर कोटबद्दल बोलताय. माझ्याकडे वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, पण घरच्या काही अजून आहेत. तिच्या जुन्या रंगावर क्लिअर नाही, रंगच वरचा थर. एका दुकानात पोराने मशीन लावलं, पॅड निळं झालं आणि तो घाबरून मालकाला बोलवायला पळाला. त्याला वाटलं रंग गेला!

तर अशा गाडीची अवस्था कशी ठरवतात?

---

पेंटरबाबा_कोल्हापूर

@पद्मिनीवाला_दादर काका, पॅडला रंग लागणं हे सिंगल स्टेजमध्ये, म्हणजे वर क्लिअर नसलेल्या रंगात, साहजिक आहे. पांढऱ्या कापडावर थोडं पॉलिश घेऊन कोपऱ्यात हाताने घासायचं. कापडाला गाडीचा रंग आला तर सिंगल स्टेज, नाही आला तर वर क्लिअर आहे. भाव सांगण्याआधी हे जुन्या गाडीवर करायचंच.

असा रंग उन्हाने फिका, खडूसारखा झाला तरी घाबरायचं नाही, वरचा मेलेला थर निघाला की खालून चांगला रंग येतो. क्लिअरवाल्या गाडीचं उलटं आहे. छतावर, बॉनेटवर पांढरे चट्टे, कडेला पापुद्रे सुटलेले दिसले की तिथं पॉलिशचं काम संपलं, पेंटरचं सुरू झालं. कितीही पैसे घ्या, ते चट्टे जात नाहीत. ते बघून "होईल साहेब" म्हणणारा एक तर शिकाऊ नाही तर लबाड.

तुमच्या गाडीला मात्र मीटर लावाच. इतक्या वर्षांत किती वेळा रंग मारलाय देव जाणे.

---

जर्सीकर

न्यू जर्सीत राहतो, इथला अनुभव. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. त्यामुळे इथे खालची बाजू बघितल्याशिवाय कुणी वसंतातल्या सफाईचा भाव सांगत नाही. कार्पेटवर मिठाचे पांढरे कडक डाग पडतात, ते काढायला जवळपास निम्मा वेळ जातो. कुत्र्याचे केस, वाळू, उलटी यांचे जादा पैसे दरपत्रकावर छापलेलेच असतात, त्यामुळे वाद कमी. तुमच्याकडे ते छापून का लावत नाही?

---

स्निग्धा_ठाणे

@जर्सीकर, आम्ही लावून बघितलं. "उलटी: जादा ८००." एका काकूंना ते फार किळसवाणं वाटलं. आता "विशेष डाग" लिहितो. कुणाला कळत नाही, सगळे विचारतात, आणि शेवटी तोंडाने तेच सांगावं लागतं.

---

कृष्णाकाठ

सांगलीकर. एक महत्त्वाची गोष्ट राहिली: पुरातल्या गाड्या.

ऑगस्ट २०१९ मध्ये आमच्याकडे आणि कोल्हापुरात, मग २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये किती गाड्या पाण्याखाली होत्या ते सगळ्यांनी बघितलं. त्यातल्या बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. मी जुन्या गाड्यांचा व्यवहार करतो, असली गाडी ओळखणं हा आमच्या पोटापाण्याचा प्रश्न. डिटेलिंगवाल्यांनीही शिकून घ्या, कारण नव्या मालकाला माहीत नसतं आणि तो तुमच्याकडे "जरा कुबट वास येतोय" म्हणून येतो.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. रोजच्या वापरात न येणारा जो शेवटचा हात-दीड हात असतो तिथे गाळाची रेघ राहते, तो भाग कुणी धुतच नाही. सीटचे बोल्ट आणि रूळ बघा, आतल्या बाजूला गंज नसायला हवा. हेडलाइटच्या आत मातीचा पातळ पडदा. डॅशबोर्डखाली हात घालून वायरच्या जुडग्यांवर बोट फिरवा, बारीक गाळ लागतो.

हे सापडलं तर साध्या सफाईचा भाव सांगूच नका. सीट, कार्पेट सगळं बाहेर काढून सुकवायचं काम आहे ते, आणि तरीही इलेक्ट्रिकची हमी कुणी देऊ शकत नाही. गिऱ्हाइकाला नीट शब्दांत सांगा. काहींना राग येतो, कारण आपण फसलो हे त्यांना तुमच्या तोंडून कळतं.

---

गंगापूर_रोड

@कृष्णाकाठ, वाचनखूण साठवली. पुढच्या महिन्यात मेहुण्याला जुनी गाडी घ्यायचीय.

@फोम_आणि_फडका, माझ्या गाडीचं सांगा मग. पांढरी सेडान, २०१६ ची. बोअरच्या पाण्याने धुतली जाते, काचांवर आणि छतावर पांढरे ठिपके आहेत. शिवाय बारीक नारिंगी ठिपके, गंजल्यासारखे. हेडलाइट पिवळे. मला सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा संरक्षक थर) करायचंय, एकाने २२,००० सांगितले.

---

फोम_आणि_फडका

न बघता जेवढं सांगता येईल तेवढं सांगतो.

पांढरे ठिपके दोन प्रकारचे असतात. नुसता क्षार वर बसला असेल तर पातळ व्हिनेगरने जातो. घरी एका ठिपक्यावर करून बघा, पत्रा गार असताना, आणि लगेच पाण्याने धुवा. गेला तर काम स्वस्त. ठिपका गेला पण त्याच्या जागी खड्ड्यासारखी कडी राहिली, तर क्षाराने क्लिअर खाल्लाय आणि पॉलिश लागणार. काचेवरच्या ठिपक्यांचं काम वेगळं आणि किचकट, ते वेगळं धरा.

नारिंगी ठिपके म्हणजे लोखंडाचे कण, ब्रेकची धूळ किंवा आसपास रेल्वे, वेल्डिंगचं काम असेल तर हमखास. हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून बॉनेटवरून फिरवा, कणकण जाणवेल. लोखंड विरघळवणारा फवारा मारला की जांभळे ओघळ येतात, उग्र वास सुटतो, मग क्ले, म्हणजे मातीसारख्या मऊ गोळ्याने उरलेले कण ओढून काढणं. पॉलिश आणि कोटिंगच्या आधी हे हवंच, नाहीतर तेच कण पॅडखाली फिरतात.

हेडलाइट घासून स्वच्छ होतील, पण वर यूव्हीपासून वाचवणारा थर मारला नाही तर वर्षभरात परत पिवळे. "थर मारणार का?" एवढंच विचारा. दर त्यावरच ठरतो.

आणि कोटिंग सगळ्यात शेवटी. कोटिंगखाली जे असेल ते तसंच दिसत राहतं, ओरखडे झाकले जात नाहीत. त्यामुळे २२,००० मध्ये पॉलिशचे किती टप्पे धरलेत ते विचारा. त्याने मीटर न लावता, उन्हात न बघता आकडा सांगितला असेल तर तो कोटिंगच्या बाटलीचा भाव आहे, तुमच्या गाडीचा नाही.

---

गंगापूर_रोड

फोनवरच सांगितला होता. :(

व्हिनेगर आज रात्री करून बघतो. शनिवारी तुमच्याकडे आणू का? आणि तुमचे दोन आकडे?

---

फोम_आणि_फडका

आणा, सकाळी नऊच्या आत. पत्रा तापला की धुतानाच नवे डाग पडतात. कोटिंगशिवाय, लोखंड काढणं, क्ले आणि पॉलिश धरून ६,००० ते ९,५००. हेडलाइट वेगळे. कोटिंग करायचं की नाही ते पॉलिश झाल्यावर गाडी बघून ठरवू.

फक्त येताना सोसायटीतल्या दादांकडून पुसून आणू नका. आहे तशी आणा.